झालं म्हणजे झालं

ईश्वरीला स्वतःच्या नियमांचं भारी कौतुक होतं. जेवताना ती अनुरागला त्यांच्याबद्दल सांगायची आणि तो बिचारा नवरा असल्याकारणानं ऐकून घ्यायचा. दिवसभर स्वतःच्या नोकरीत असलेच सॉफ्टवेअरचे नियम ऐकून त्याचे कान किटलेले असायचे, पण घरी तसं बोलून दाखवायची हिंमत कोण करणार.

तिची कंपनी लहानशी. मैसूरच्या कडेला हिनकलमध्ये, हुणसूर रोडवर एका बेकरीच्या वर ऑफिस, खालून बनचा वास आणि वर फोनची घणघण. घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटना यंत्रं भाड्यानं द्यायची आणि बिघडली की माणूस पाठवून दुरुस्त करायची, हा धंदा. यंत्र म्हणजे चाकांवरच्या बॅगेएवढा एक डबा. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून तो नळीतून नाकाशी पोचवतो. डबा बिघडला किंवा वीज गेली तर पेशंटजवळ एक सिलिंडर ठेवलेला असतो, पण तो काही तासांचा सोबती. मालक प्राणेश यांनी ईश्वरीला ठेवलं होतं ते तक्रारींचं सॉफ्टवेअर सांभाळायला.

तक्रार आली की तिचं एक तिकीट बनायचं, म्हणजे स्क्रीनवर एक चौकोन. त्यात रकाने. पेशंट कोण, यंत्र कोणतं, कोण जाणार, कधीपर्यंत जाणार. काम पुढे गेलं की चौकोन एका खणातून दुसऱ्या खणात सरकवायचा आणि शेवटच्या खणाचं नाव 'डन'. पूर्वी सरकवल्यावर रकाने हातानं भरावे लागत आणि अर्थातच कोणी भरत नसे. उरकलेली कामं तंत्रज्ञांच्या फोनवर तशीच लोंबकळत राहायची आणि ती बघून ते वैतागायचे. ईश्वरीनं नियम लिहिले. आता चौकोन 'डन'मध्ये पडला रे पडला की तंत्रज्ञाच्या नावाचा रकाना आपोआप रिकामा व्हायचा, काम त्याच्या फोनवरून निघून जायचं, दुरुस्तीची तारीख पडायची, पुढच्या तपासणीची तारीख पडायची आणि पेशंटला कन्नडमध्ये मेसेज जायचा. प्राणेश यांच्या हट्टानं तिनं आणखी एक गोष्ट केली होती. 'डन'मधून परत फिरायची वाटच ठेवली नव्हती. झालेली कामं लोकांनी उगाच मागेपुढे ढकलू नयेत, एवढाच त्यात हेतू.

मेसेजातला शब्द तिनं भुवनला विचारून घातला होता. भुवन हा तिथला तरुण तंत्रज्ञ. मैसूरच्या जुन्या मराठी घरातला, पण मराठी म्हटलं की त्याला घाम फुटायचा. "डनला कन्नडमध्ये काय म्हणतात रे?" असं तिनं विचारलं आणि त्यानं "आय्तु" म्हणून सांगितलं. शब्द छोटा, गोड, सगळ्यांच्या तोंडातला. मेसेज ठरला: आपली तक्रार, आय्तु. धन्यवाद.

आता खरं सांगायचं तर ईश्वरीला हा शब्द चांगला ठाऊक होता, आणि तो तिला शिकवला होता सरस्वतीबाईंनी.

ती कराडहून लग्न करून मैसूरला आली तेव्हा जयलक्ष्मीपुरममध्ये सरस्वतीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिली. सरस्वतीबाईंचे पूर्वज राजाच्या फौजेत नोकरी करायला आले ते इथेच मुरले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं कालवलेलं की पहिल्या आठवड्यात ईश्वरीला निम्मंच कळायचं. एका दुपारी त्यांनी खालून हाक मारली, "ईश्वरी, ऊटाला ये ग." ऊट म्हणजे जेवण, एवढं तिला कळलं होतं. ती वरून म्हणाली, "कपडे वाळत घालून येते, अज्जी." त्या म्हणाल्या, "झालं." ईश्वरीला वाटलं, जेवण झालं, आपल्याला उशीर झाला. ती बापडी उपाशीच बसून राहिली. शेवटी सरस्वतीबाई धापा टाकत ताट घेऊन वर आल्या आणि विचारू लागल्या, रागावलीस काय म्हणून.

तेव्हा उलगडा झाला. कन्नडमध्ये काम उरकलं तरी आय्तु, आणि 'बरं, ऐकलं, तसं करू' म्हणायचं असलं तरी आय्तु. तेच या मंडळींनी मराठीत आणलेलं. त्यांचं झालं म्हणजे कधी उरकलं आणि कधी अजून सुरूही व्हायचं असतं. त्यावरून पुढे दोघी खूप हसल्या. 'झालं म्हणजे झालं, की झालं?' ही त्या घरातली थट्टाच होऊन बसली.

मग अनुरागला कंपनीनं परदेशी धाडलं आणि इकडे ईश्वरीला कावीळ झाली. माहेरचं कोणी येऊ शकेना. सरस्वतीबाईंनी तिला खालच्या खोलीत आणून निजवलं. मऊ भात, पातळ ताक, उकडलेला दुधी, आणि तिनं तोंड फिरवलं की, "मगळे, एक घास, बस." मगळे म्हणजे लेकी. रात्री त्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायच्या. ईश्वरी बरी झाली, अनुराग परतला, दोघांनी हिनकलला फ्लॅट घेतला. त्या दिवसांबद्दल एकदा नीट बसून अज्जींशी बोलायचं, हे ती सारखं ठरवायची. बोलणं राहून जायचं. सरस्वतीबाईंची फुप्फुसं थकली आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन सांगितला तेव्हा यंत्र ईश्वरीनंच लावून दिलं होतं, पण त्यानंतर फोन खूप झाले, जाणं मात्र येत्या रविवारवर पडत गेलं. रविवार काय, दर आठवड्याला येतोच.

त्या गुरुवारी सकाळी सरस्वतीबाईंच्या यंत्राची तक्रार आली. डबा शिट्टीसारखा आवाज करून बंद पडला होता आणि त्यांनी शेजारच्या मुलीकडून सिलिंडर जोडून घेतला होता. ईश्वरीनं तिकीट केलं आणि सदाशिवरावांचं नाव घातलं. सदाशिवराव साठीतले, सरस्वतीबाईंसारखेच मूळचे इथले मराठी, आणि कामाला पक्के. तेव्हा ते कुवेंपुनगरात दुसऱ्या घरी होते.

दुपारच्या आधी तिनं त्यांना फोन लावला. एकीकडे दुसरा फोन वाजत होता, प्राणेश टेंडरसाठी बेंगळुरूला गेलेले आणि तिथून मेसेजवर मेसेज टाकत होते.

"काका, ते जयलक्ष्मीपुरमच्या अज्जींचं यंत्र?"

पलीकडे कुठलीशी मोटर घरघरत होती. "झालं, झालं, मॅडम. नोडी, बघा, टेन्शन घेऊ नका."

माहीत असणं वेगळं आणि घाईच्या वेळी कानाला आठवणं वेगळं. त्या क्षणी ईश्वरीचा कान कराडचा झाला. तिला वाटलं, उरकलं. एकदाचं बरं झालं म्हणून तिनं चौकोन उचलला आणि 'डन'मध्ये टाकला. नियम धावले. तंत्रज्ञाचा रकाना रिकामा, तारखा जागच्या जागी, मेसेज रवाना. काय चोख काम.

तिकडे सदाशिवराव कुवेंपुनगरातलं काम आवरून जयलक्ष्मीपुरमला निघायच्या बेतात होते. त्यांनी फोन पाहिला तर ते काम गायब. त्यांना वाटलं, भुवन जवळपास असेल, मॅडमनी त्याला दिलं. फोनवर पुढचं काम तलकाडचं होतं. त्यांनी स्कूटरला किक मारली आणि गावाबाहेर पडले.

आणि सरस्वतीबाईंच्या फोनवर मेसेज आला: आपली तक्रार, आय्तु. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांना बरं वाटलं. तक्रार ऐकली, माणूस पाठवतात. किती लगेच उत्तर देतात ही मुलं. अशा रीतीनं तिघंही आपापल्या जागी अगदी समाधानी होते, आणि सिलिंडरचा काटा खाली चालला होता.

चारच्या सुमाराला ईश्वरीचा स्वतःचा मोबाईल वाजला.

"मगळे, ऊट आय्ता?" जेवलीस का, हे आधी. मग काय ते पुढचं.

"झालं अज्जी. तुमचा आवाज का असा येतोय?"

"काही नाही ग, स्वल्प दम लागतोय." वाक्य तुटत तुटत येत होतं. "तुला सांगायला केला फोन. तुमच्या लोकांचे... किती उपकार. सकाळी सांगितलं न सांगितलं, लगेच आय्तु म्हणून... मेसेज. मी त्याच्यासाठी ताकाचं मज्जिगे करून ठेवलंय. उन्हाचा येईल न. दार उघडंच ठेवते. मी जरा आडवी होते, म्हणून... केव्हा येतो, तेवढं सांग."

ईश्वरीनं पेन खाली ठेवलं. "अज्जी, कोणी आलं नाही? यंत्र चालू नाही झालं?"

"नाही अजून. येतील की. आय्तु म्हणालात न. सिलिंडरवर आहे मी. काटा लाल रंगात आलाय, पण म्हटलं, हे लोक म्हणालेत, तर... पर्वा नाही."

फोन कानाला ठेवूनच ती स्क्रीनकडे वळली. चौकोन 'डन'मध्ये, हिरवागार. तो परत 'ओपन'मध्ये ओढायला गेली तर जागचा हलेना. वाट ठेवलीच नव्हती. नवीन तिकीट केलं तर तिच्याच नियमानं 'कधीपर्यंत' या रकान्यात उद्याची तारीख आपोआप बसली. तिनं ती खोडली, ती परत बसली. सॉफ्टवेअर सांगितलेलं काम बिनचूक करत होतं आणि सगळी पंचाईत तीच होती.

"अज्जी, मीच येते. बोलू नका, पडून राहा. दार उघडं ठेवा."

"झालं," सरस्वतीबाई म्हणाल्या.

भुवन तेव्हा लांब दुसऱ्या पेशंटकडे गेलेला. गोदामात भरलेले सिलिंडर ओळीनं उभे होते. तिनं एक निवडला आणि तो उघडायची लोखंडी किल्ली पर्समध्ये टाकली. सिलिंडर तिच्यानं उचलेना. खाली बेकरीशी थांबलेल्या रिक्षावाल्याला तिनं हाक मारली. त्यानं एकही प्रश्न न विचारता तो खांद्यावर घेतला आणि मागच्या सीटवर लहान मुलाला बसवावं तसा नीट बसवला. "तिथं थांबावं लागेल. सिलिंडरनं नाही भागलं तर त्यांना घेऊन हॉस्पिटलला जायचंय," असं तिनं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तो म्हणाला, "आय्तु, मेडम." एरवी तिला हसू आलं असतं.

रिक्षातून तिनं सदाशिवरावांना फोन लावला. तलकाडला नदीकाठच्या वाळूत रेंज येते नि जाते. तिसऱ्यांदा लागला.

"काका, तुम्ही अज्जींकडे गेला नव्हता?"

"नाही न. काम फोनवरून गेलं, म्हटलं भुवनला दिलं."

"तुम्ही झालं म्हणालात."

"अय्यो देवरे," सदाशिवराव हळूच म्हणाले. "मी म्हटलं, झालं, जातो म्हणून."

"चूक माझी आहे, मला माहीत होतं. ते नंतर. मी सिलिंडर घेऊन निघालेय. मला तो बदलता येत नाही."

"येईल. मी सांगतो. मी पण निघतो इथनं, पण पोचायला वेळ लागेल. फोन ठेवू नका तुम्ही."

पडुवारहळ्ळीच्या सिग्नलला रिक्षा अडकली. समोरच्या बसमधून कॉलेजची मुलं उतरत होती, हसत होती. ईश्वरीनं सिलिंडर धरून ठेवला होता. तो गार होता. तिच्या मनात एकच होतं. या बाईनं आपल्याला घास घास करून जगवलं आणि आपण तिला एका खणातून दुसऱ्या खणात सरकवून मोकळ्या झालो.

दार उघडंच होतं. सरस्वतीबाई खालच्या त्याच खोलीत, त्याच खाटेवर, उशीला टेकून बसल्या होत्या. ओठांची कड निळसर दिसत होती. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. बोलायला गेल्या तर ईश्वरीनं हात दाखवला. रिक्षावाल्यानं सिलिंडर खाटेशी उभा केला आणि तो उंबऱ्याशी जाऊन थांबला. जुन्या सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता.

फोन स्पीकरवर. "काका, बोला."

"आधी हात पुसा. हाताला तेल बिल नाही न? ऑक्सिजनला तेल चालत नाही. देवाजवळ दिवा लागलाय?"

तिनं पाहिलं. देवापुढे विजेचा दिवा होता. यंत्र आलं तेव्हा तेलाचा दिवा काढून हा लावायला लागला, म्हणून सरस्वतीबाई चांगल्या रुसल्या होत्या. आज त्याच्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले.

"दिवा नाही. हात पुसले."

"आता जुन्याचा वरचा खटका किल्लीनं बंद करा. मग अज्जींना हवा येणार नाही, म्हणून पुढचं बिगीबिगी. पण घाबरायचं नाही. काट्याच्या मीटरचा नट सोडवा."

तिनं किल्ली फिरवली. नळीतला बारीक सूं आवाज थांबला आणि खोली एकदम शांत झाली. सरस्वतीबाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आखूड आखूड. नट घट्ट होता. तिनं दोन्ही हात लावले.

"सुटला?"

"झालं," ईश्वरी म्हणाली.

"झालं म्हंजे सुटला, की सोडवताय?"

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो. नट अजून अर्ध्यावर होता. ती 'हो, करतेय' अशा अर्थानं म्हणाली होती, अगदी अज्जींसारखी. इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडात त्यांच्या अर्थानं आला होता, आणि तोही नेमका आत्ता.

"सोडवतेय, काका."

"मग ऐका. आता तुम्ही पण झालं म्हणायचं नाही, मी पण नाही. हातानं पूर्ण केलं की 'केलं' म्हणायचं. अष्टे, एवढंच."

नट सुटला. "केलं."

"नव्याचा खटका थोडा उघडून लगेच बंद. फुस्स होईल, धूळ उडून जाऊ दे. तोंड बाजूला."

फुस्स झालं. "केलं."

"मीटर बसवा. आत वॉशर आहे न, बघा. नट हातानं फिरवा, मग किल्लीनं आवळा."

वॉशर जागेवर होता. नट पहिल्यांदा तिरका बसला. तिनं सोडला, परत लावला. सरस्वतीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा एक हात ईश्वरीच्या पाठीवर होता. त्या हातानं हिचेच हात स्थिर झाले.

"केलं."

"आता खटका उघडा. काटा वर जातो काय?"

काटा थरथरला आणि भर्रकन हिरव्यात गेला. "गेला. गेला, काका."

"बाजूची गोल चकती दोनवर. नळीच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे?"

बाटलीत बुडबुडे उठू लागले. सूं आवाज परत आला. तो आवाज ईश्वरीला इतका गोड कधीच वाटला नव्हता. थोड्या वेळानं सरस्वतीबाईंनी मोठा श्वास घेतला, मग दुसरा, आणि ओठांची कड हळूहळू पूर्वीच्या रंगावर आली. उंबऱ्याशी उभ्या रिक्षावाल्यानं हात जोडले, ते कोणाला, कोण जाणे. सरस्वतीबाईंनी त्याला खुणेनं आत बोलावलं आणि तंत्रज्ञासाठी केलेलं मज्जिगे त्याला प्यायला लावलं. उन्हात आला होता न तो.

मग ईश्वरी खाटेच्या कडेला बसली आणि रडली. तिनं सगळं सांगितलं. झालं कसं ऐकलं, चौकोन कसा सरकवला, नाव कसं पुसलं गेलं. "माझ्या चुकीनं तुमचा जीव जायची वेळ आली, अज्जी, आणि तुम्ही फोन करून उपकार मानत होता."

"मग? आलीस न तू?" सरस्वतीबाईंच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

"मी आज आले. एरवी आलेच नाही. काविळीत तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं, हे मला रोज आठवतं. मला तुमचे आभार मानायचे होते. केव्हाचे."

सरस्वतीबाईंनी तिचे डोळे पदरानं पुसले. "आभार काय घेऊन बसलीस. ऊट तरी नीट करतेस काय? गळ्याची हाडं दिसतायत."

दिवेलागणीला सदाशिवराव आले. दाराशी बूट झाडले तर उंबऱ्यावर तलकाडच्या वाळूचा ढीग पडला. त्यांनी यंत्र उघडलं. आतली एक रबरी नळी चिरली होती, ती बदलली आणि डबा पुन्हा घुमू लागला. मग ते चितरान्नाचं, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचं, ताट घेऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

"मी झालं म्हटलं आणि तुम्ही झालं करून टाकलं," ते ईश्वरीला म्हणाले. "दोघं पण खरंच बोललो, नोडी."

सरस्वतीबाई इतक्या हसल्या की नळी नाकातून निसटली आणि सदाशिवरावांना ताट बाजूला ठेवून ती परत लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीनं प्राणेश यांना काही न लपवता सांगितलं. ते म्हणाले की परत फिरायची वाट बंद करायला मीच लावलं होतं, ती आधी उघडा. तिनं नियम बदलले. आता यंत्र चालू झाल्याचं पेशंटनं स्वतः कळवल्याशिवाय तंत्रज्ञाचं नाव पुसलं जात नाही. मेसेजातला तो गोड शब्द काढला आणि त्या जागी 'तुमच्याकडे अमुक येत आहेत' असं नाव घालून स्वच्छ वाक्य आलं. 'डन' खणाला मराठीत काय म्हणायचं, असं भुवननं विचारलं तेव्हा सदाशिवराव म्हणाले, "केलं." तेच ठेवलं.

आणखी एक नियम तिनं पेशंटच्या सोयीसाठी लिहिला. नवं तिकीट उघडलं की 'कोण जाणार' या रकान्यात मागच्या खेपेला घरी गेलेल्या माणसाचं नाव आपोआप बसावं. म्हाताऱ्या माणसांना ओळखीचा चेहरा बरा वाटतो.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी सरस्वतीबाईंच्या यंत्राची तपासणी निघाली. तिकीट आपोआप बनलं. ईश्वरीनं ते उघडलं आणि बघतच राहिली. 'कोण जाणार' मध्ये नाव होतं: ईश्वरी. मागच्या खेपेचं तिकीट सदाशिवरावांनी भरलं होतं आणि 'घरी कोण गेलं' मध्ये त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. आधी कोण पोचलं, त्याचं नाव घालायचं, असा त्यांचा हिशेब.

नाव बदलणं एका क्षणाचं काम होतं. तिनं यादीतून सदाशिवरावांचं नाव शोधलंही. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला.

"मगळे," सरस्वतीबाईंचा आवाज स्वच्छ होता, न तुटता येत होता. "मेसेज आलाय. तुमच्याकडे ईश्वरी येत आहेत, म्हणून. खरंच येतेस काय ग? दुधी आणलाय मी."

ईश्वरीनं यादी बंद केली. नाव होतं तसंच राहू दिलं. दुपारी यंत्र बघायला सदाशिवरावांना तिथे बोलावता येईल, एवढंच.

"झालं, अज्जी," ती म्हणाली.

"झालं म्हंजे?"

"म्हणजे निघाले," ईश्वरी म्हणाली, आणि पर्स उचलून जिना उतरू लागली.